काचेवरची काळी टेप

माझ्या मशीनच्या काचेवर आता टेप नाही. पण टेपचा गोंद आहे. रॉकेल लावून पुसला, खोबरेल लावून पुसला, नखाने खरवडला, तरी एक तपकिरी चौकोन राहिलाच आहे. चाळीस वर्षं चिकटून बसलेली गोष्ट एका दिवसात निघत नाही.

मशीन म्हणजे सिंथेसायझर. जपानी, लोखंडी अंगाचं, दोन माणसांनी उचलायचं. गावातला एक जण बोटीवर कामाला होता, त्याने आणून दिलं. आमचं गाव उलव्याच्या बाजूला, खाडीकाठचं. तेव्हा आजूबाजूला भातशेती आणि मिठागरं होती, आता टॉवर आहेत आणि डोक्यावर विमानं. असला बाजा तेव्हा आसपासच्या गावांत कुणाकडे नव्हता. मी चौथी शिकलेला, तीही मास्तरांनी पुढे ढकललं म्हणून. मशीनवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं. मला त्यातलं एक अक्षर लागेना, म्हणून मी प्रत्येक स्लायडरला माझं नाव दिलं. ज्याने आवाज उघडतो आणि मिटतो, तो पडदा. ज्याने आवाज नाकात जातो, ते नाक. पट्टी दाबल्यावर आवाज सावकाश यावा की झटकन, हे ठरवणारा श्वास. आणि पट्टी सोडल्यावर मागे रेंगाळतं ते शेपूट. एवढ्या चार नावांवर मी बेंजो पार्टी चालवली. टेम्पोवर मशीन, बाजूला ढोलवाले, आणि हळदीला, गणपतीला, साखरपुड्याला गावोगाव वाजवत फिरायचं.

आमच्या धंद्यात टोन म्हणजे सगळं. गाणं कुणीही वाजवेल, टोन स्वतःचा पाहिजे. माझा एक टोन होता सनईसारखा, पण सनईपेक्षा जाड. तो रस्त्याच्या वळणावर ऐकू आला की मांडवातल्या बायका सांगायच्या कुठली पार्टी आली ते. एकदा एका हळदीला शेजारच्या गावच्या पार्टीचा माणूस चहाचा कप घेऊन माझ्या मागे उभा राहिला. "दादा, काय हात हाय तुमचा," म्हणाला. मी फुगलो आणि त्याला एकेक स्लायडर हलवून दाखवला. स्लायडर हलवला की त्याचा आकडा काचेवर येतो. तो गडी ते आकडे सिगरेटच्या पाकिटावर उतरवून घेत होता. पुढच्या गणपतीत माझा टोन त्याच्या टेम्पोवर वाजला, आणि लोक मलाच विचारायला लागले, "काय, नक्कल करतंस काय त्याची?"

तेव्हापासून माझे दोन नियम झाले. काचेवर काळी टेप. आणि मशीन परक्याच्या हातात जायचं असलं तर आधी आतलं सगळं पुसायचं. दोन बटणं एकत्र दाबून धरायची आणि मशीन चालू करायचं, की आपले टोन जातात, कारखान्यातून आलेले तेवढे राहतात. मशीन घरी परत आलं की मी माझे टोन कानाने पुन्हा बनवायचो. एका टोनला अर्धा तास. कधी कागदावर काही उतरवलं नाही. याचा मला फार माज होता.

मग डीजे आले आणि पार्टी बसली. मशीन वरच्या खोलीत गेलं. म्हातारीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, एका जुन्या लुगड्याने मी ते झाकून ठेवलं.

ते लुगडं काढलं आमच्या सुनेने. ती साताऱ्याकडची, ऐरोलीला कंपनीत नोकरीला. माझा मुलगा उरणला कंटेनरच्या गोदामात पाळ्या करतो, त्याला गाण्यात गम्य नाही. ही मात्र लग्न होऊन आली ती लॅपटॉप, दोन छोटे स्पीकर आणि एक माइक घेऊन. वरच्या खोलीच्या भिंतींवर तिने गोधड्या टांगल्या. का, तर आवाज घुमू नये म्हणून. रविवारी कानाला हेडफोन लावून बसायची. ढोल, सारंगी, बासरी, सगळी वाद्यं लॅपटॉपात. एक दिवस तिने मला आणि म्हातारीला वर बोलावलं.

"बाबा, हे बघा. तुमच्याच मशीनसारखं आहे."

स्क्रीनवर माझ्या मशीनचं चित्र होतं, स्लायडरसकट. मी बोट लावून एक स्लायडर ओढायला गेलो. तो हलेना.

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. "अवो, ती टीवी हाय."

मला राग आला. "याला घाम येतो का?" मी सुनेला विचारलं.

"घाम?"

"माझं मशीन अर्धा तास तापल्याशिवाय सुरात येत नाय. तुझ्या या चित्राला काय, चालू केलं की लगेच गायला तयार. गवई हाय का मोबाइलची घंटी?"

ती चिडली नाही. म्हणाली, "म्हणूनच मला तुमचं मशीन हवंय, बाबा. चित्र माझ्याकडे आहेच."

मग एक वायर आली. वायरीचं एक टोक लॅपटॉपला, एक मशीनला. तिने मला नीट समजावलं की लॅपटॉपात फक्त कुठली पट्टी कधी दाबायची आणि किती वेळ धरायची एवढंच लिहिलेलं राहतं. आवाज सगळा मशीनच्या पोटातून येतो. ढोल आणि खालचा भरणा लॅपटॉपातल्या वाद्यांचा, वरचा सूर माझ्या मशीनचा. दोन्ही एकत्र वाजलं तेव्हा मला आवडलं होतं. पण मी तसं बोललो नाही. आल्यागेल्याला मी सांगायचो, "लॅपटॉप आमच्याकडे कारकून हाय. गवई माझं मशीन."

पडदा, नाक, श्वास, शेपूट ही नावं तिने आठवड्याभरात उचलली. ऐरोलीच्या कंपनीतल्या पोरीच्या तोंडून "बाबा, शेपूट जरा कमी करू का?" हे ऐकताना मला किती बरं वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता म्हातारीचं सांगायला पाहिजे. ती धवलारीण. आमच्या आगरी लोकांत लग्नाच्या प्रत्येक विधीला धवले, म्हणजे त्या विधीची गाणी, म्हणायला धवलारीण लागते. भटजीच्या आधी तिला बोलावणं जातं. एकटीने म्हणायचं नसतं ते. एक म्हणते, दुसरी झेलते. पहिलीची ओळ संपत आली, श्वास तुटायला आला, की दुसरी तोच शब्द खालून उचलून धरते, आणि पहिली तेवढ्यात श्वास घेते. आमच्या म्हातारीची झेलणारी गावातलीच होती. दोघींनी मिळून किती मांडव जागते ठेवले असतील कुणास ठाऊक. दोन वर्षांपूर्वी ती झेलणारी वारली. त्यानंतर म्हातारीने धवला म्हटला नाही.

यंदा माझ्या धाकट्या भावाच्या लेकीचं लग्न ठरलं. भाऊ घरी येऊन म्हणाला, "वयनी, हळदीला धवला तुमीच बोलायचा."

म्हातारी म्हणाली, "झेलनारी नाय. मी एकली किती ओरडू?"

सून तिथेच भाजी निवडत होती. पुढच्या रविवारी तिने सासूला वर नेऊन खुर्चीत बसवलं. "आई, तुम्ही एकदा म्हणा. मी झेलणारी बनवते."

मी मोठ्याने हसलो. "घाटावरची पोरगी धवल्याची झेलनारी बनवनार! बनव, बनव."

त्यानंतर पावसाळाभर रविवार तिथे गेले. म्हातारी म्हणायची, सून ऐकायची, मी मशीनपाशी. मध्येच विमान यायचं, सून हात वर करायची, म्हातारी ओळ तोंडात धरून गप्प बसायची. विमान गेलं की "बोला, आई." लॅपटॉपात बायकांचे आवाज ढीगभर होते. तिने त्यातला एकही घेतला नाही. म्हणाली, "नक्कल नको. आईंच्या श्वासाची जागा भरणारं काहीतरी पाहिजे." मी तिला एखादा स्लायडर दाखवायचो, ती तो माझ्यापेक्षा कमी हलवायची, केसाएवढा. मी म्हणायचो, "यवढ्याने काय फरक पडतो?" ती म्हणायची, "पडतो, बाबा."

दिवाळीच्या आधीचा एक रविवार. म्हातारीने ओळ घेतली, ओळ टोकाला आली, तिचा श्वास हलला, आणि मशीनमधून तो टोन आला. शब्द संपायच्या जरा आधी, खालून, थोडा नाकातला, ओला. तो राहिला. म्हातारीने श्वास घेतला आणि मान वळवून डाव्या बाजूला बघितलं. झेलणारी कायम तिच्या डावीकडे बसायची.

"आयली गो," म्हातारी हळूच म्हणाली.

सुनेने मशीनवर बटण दाबून टोन आत ठेवला. मग मला म्हणाली, "बाबा, हा लॅपटॉपात पण उतरवून घेते. बॅकअप."

"नाय."

"मशीन जुनं आहे. काही झालं तर..."

"माझ्या मशीनमधला टोन मशीनच्या बाहेर जानार नाय."

"बाहेर कुठे, बाबा? याच टेबलावर तर आहे लॅपटॉप."

"नाय म्हंजे नाय."

दोनदा विचारलं तिने. दोन्ही वेळा मी हेच सांगितलं. वायर तिची होती. मी दुपारी दोन तास झोपतो हे तिला ठाऊक होतं. तिने माझ्या पाठीमागे काही केलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे.

आमच्या घरच्या वायरिंगमुळे मशीनच्या आवाजात एक गुणगुण यायची. म्हणून तिने ठरवलं की मशीन तिच्या ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याकडे न्यायचं, तिथे तो टोन स्वच्छ उतरवून घ्यायचा, आणि हळदीच्या दिवशी मांडवात म्हातारीच्या गाण्याबरोबर वाजवायचा. शुक्रवारी तो स्टुडिओवाला मशीन बघायला आला. तरुण, सभ्य माणूस. मी खाली गेलो चहा सांगायला. चहा घेऊन जिना चढत होतो तर वरून टोन ऐकू आला आणि त्या माणसाचा आवाज.

"अरे, काय टोन आहे! कुणाचा?"

"माझा," सून म्हणाली. "मशीन बाबांचं."

बस एवढंच. तिने खोटं काही सांगितलं नव्हतं. पण मी तिथे जिन्यात उभा राहिलो. मग मी आत गेलो, कप ठेवला. तो स्टुडिओवाला मशीनच्या मागच्या बाजूला उभा होता. चहाचा कप उचलला आणि म्हणाला, "काका, मस्त जपलंय हो तुम्ही." जपलंय. म्हणजे मी राखणदार.

शनिवारी दुपारी सासू-सुना हळदीच्या खरेदीला पनवेलला गेल्या. मशीन संध्याकाळी जायचं होतं. मी वर गेलो, लुगडं काढलं. मशीन परक्याकडे चाललंय, पुसायला पाहिजे, नियम आहे. असं मी मनात म्हटलं. पुढे बरेच दिवस स्वतःला हेच सांगत राहिलो. पण नियम चोरासाठी होता, आणि घरात चोर कुणी नव्हता. मला काय पाहिजे होतं ते मला त्याच वेळी माहीत होतं. संध्याकाळी तिला कळेल, ती घाबरेल, रडवेली होईल. मग मी म्हणेन, बस बाजूला, मी बनवून देतो. अर्ध्या तासात बनवीन. स्टुडिओवाला बघेल. मग तो टोन माझा होईल.

मी दोन बटणं दाबून धरली आणि मशीन चालू केलं. टेपचा कोपरा उचलून काचेत बघितलं, गेलं का ते. गेलं होतं. एक पट्टी दाबली. कारखान्यातला कुठला तरी पिपाणीसारखा आवाज आला. मी टेप परत दाबून बसवली, लुगडं टाकलं आणि खाली येऊन झोपलो. झोपही लागली.

संध्याकाळी स्टुडिओवाला गाडी घेऊन आला. सुनेने नेण्याआधी एकदा वाजवून बघितलं. पिपाणी. तिने पुन्हा दाबलं, बटणं शोधली, पुन्हा पिपाणी. तिचा चेहरा उतरला.

"बाबा! वर या ना, बाबा!"

मी सावकाश चढलो. "काय झालं?"

"सगळे टोन गेले."

ते खोटं मी आधी ठरवलेलं नव्हतं. ते आपसूक तोंडातून निघालं, जसं काय तिथे तयारच होतं. "टोन आतल्या बॅटरीवर टिकतात, ती मेली असंल. जुनं मशीन हाय."

तिने माझा हात धरला. "माझी चूक, बाबा. मी हट्ट करून बॅकअप घ्यायला पाहिजे होता. आणि तुमचे? तुमचे इतक्या वर्षांचे सगळे टोन पण गेले ना? सॉरी, बाबा."

ती माझी माफी मागत होती.

मी हात सोडवला. "रडू नको. मी बनवतो. अर्धा तास दे."

बसलो. पडदा, नाक, श्वास, शेपूट. अर्धा तास झाला. तास झाला. स्टुडिओवाला घड्याळ बघून निघून गेला. सुनेने तिच्या मोबाइलमध्ये पॅनेलचा फोटो शोधून काढला होता, पण त्याचा उपयोग नाही. एकदा टोन आत ठेवला की स्लायडर बाहेर कुठेही राहतात, आतलं वेगळंच असतं. माझी सनई मी डोळे मिटून बनवली असती. हा टोन मात्र येईना. जवळ यायचा आणि सटकायचा. तो तिच्या केसाएवढ्या हातात होता, माझ्या नव्हता. माझा हात टेम्पोवरचा, बोटभर सरकवणारा.

म्हातारी दारात येऊन ऐकत होती. "ही कोन?" तिने विचारलं.

"तीच हाय," मी म्हणालो.

"नाय. ही दुसरीच कोन हाय."

दुसऱ्या दिवशी सुनेने मशीनचे स्क्रू काढले, आतली नाण्याएवढी बॅटरी बदलली. मी खाली पेपर धरून बसलो होतो, वाचत काही नव्हतो. ती खाली आली, हात धुतले आणि मला विचारलं, "चहा टाकू, बाबा?" मी टाक म्हटलं.

मग तिने दोन दिवस कंपनीतून रजा घेतली. मोबाइलवर एक कच्चं रेकॉर्डिंग होतं, त्यात म्हातारीच्या आवाजाखाली तो टोन दबून ऐकू यायचा. ते ऐकून ऐकून तिने लॅपटॉपातल्या त्या चित्राच्या मशीनवर तो टोन बांधला. माझ्यापेक्षा ती जवळ पोचली. चित्र म्हणून ज्याला मी हसलो त्यातून जवळ पोचली. पण म्हातारीने म्हणून बघितलं तेव्हा तिची मान डावीकडे वळली नाही. "चांगलं हाय, बाय," ती सुनेला म्हणाली, वाईट वाटू नये म्हणून.

हळदीचा दिवस. भावाच्या दारात मांडव, एका बाजूला डीजेचे काळे खोके भिंतीएवढे. डीजेवाल्याला सांगून ठेवलं होतं की आधी काकीचा धवला. म्हातारी नेसली होती नवं हिरवं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. माइक धरायची तिला सवय नाही, सुनेने धरला. पहिली ओळ झाली, टोन आला, बरोबर वेळेवर. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीला म्हातारीचा श्वास मध्येच तुटला. टोन ठरलेल्या जागी आला, पण ती अजून तिथे पोचलीच नव्हती. खरी झेलणारी थांबली असती. मशीनमधला तो पुसलेला टोनही लॅपटॉपच्या लिहिण्याप्रमाणेच वाजणार होता, पण त्याच्याबरोबर म्हातारी घाबरत नव्हती, म्हणून चुकतही नव्हती. इथे ती चुकली. पुन्हा धरायला गेली, पुन्हा चुकली. मग माइकपासून तोंड बाजूला करून म्हणाली, "पानी द्या जरा."

पोरांनी खूण केली आणि डीजे सुरू झाला. सगळे नाचायला उठले. म्हातारी पदर कपाळापर्यंत ओढून तिथेच बसली होती. सून तिच्या पायाशी पाण्याचा ग्लास घेऊन. मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा, नवी टोपी घालून.

"काकी थकली आता," माझ्या बाजूला कुणीतरी म्हणालं. "आवाज गेला तिचा."

मी ऐकलं. आवाज गेला नाही, मी तिची झेलणारी पुसली, एवढं बोलायला किती वेळ लागला असता? मी टोपी नीट केली.

पुढच्या आठवड्यात मला कात्री पाहिजे होती. सुनेच्या टेबलाचा खण उघडला. कात्रीच्या बाजूला एक छोटी प्लॅस्टिकची पिशवी, आत नाण्याएवढी बॅटरी आणि एक चिठ्ठी. तिच्या अक्षरात, मराठीत. "बाबांच्या मशीनची जुनी बॅटरी. ३.१."

इंग्रजी मला येत नाही, पण आकडे येतात, आणि टेम्पोवर आयुष्य काढलेल्या माणसाला बॅटरी शिकवायला नको. ही तीन व्होल्टची असते. मेलेली असती तर दोनच्या आसपास उतरली असती. खणातच तिचा मीटर होता. मी लावून बघितला. काटा नाही त्याला, आकडाच येतो. तीन पूर्णांक एक.

बॅटरी ठणठणीत होती. म्हणजे ज्या दिवशी तिने स्क्रू काढले त्याच दिवशी तिला कळलं होतं. हात धुऊन खाली आली होती आणि मला चहा विचारला होता. त्यानंतर रोज सकाळ-संध्याकाळ दिला होता, आलं घालून, मला लागतो तसा. मी कात्री न घेता खाली आलो. त्या दुपारी मला झोप लागली नाही.

संध्याकाळी ती ऐरोलीहून आली. खांद्याला पिशवी तशीच होती. मी बॅटरी ओट्यावर ठेवली.

"ही चांगली हाय," मी म्हणालो.

"हो."

"म्हंजे तुला म्हाईत होतं."

तिने पिशवी खाली ठेवली, चपला काढून जागेवर लावल्या. "बॅटरी गेली नव्हती, एवढंच माहीत होतं, बाबा. पुढचं मी विचारलं नाही."

"का नाय विचारलं?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले."

"मी पुसलं. मुद्दाम पुसलं. तू तुझा टोन बोलली म्हणून."

मला वाटलं ती आता 'असू द्या बाबा' म्हणेल. ती तसं म्हणाली नाही. तिने बॅटरी उचलून मुठीत धरली, डोळे भरून आले तिचे. मग म्हणाली, "माझा टोन गेला, मी दुसरा बनवेन. आईंचं माणूस गेलं दुसऱ्यांदा. मला नका सांगू. त्यांना सांगा."

म्हातारी मागच्या पडवीत सुकट निवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं. बटणं, टेपचा कोपरा, बॅटरीचं खोटं, सगळं. तिचा सुपातला हात थांबला नाही.

"कनाला पुसलंत?" तिने विचारलं.

"सून त्या स्टुडिओवाल्याला बोलली, टोन तिचा. मशीन माझं, शिकवलं मी..."

तेव्हा तिने मान वर केली. "चाळीस वरसं मी धवला बोलली. मांडवात लोक तुमाला येऊन सांगत, 'तुमची बायको काय बोलते!' तुमची बायको. माझं नाव नाय कुनी घेतलं. मी कुनाचं काय पुसलं का?"

मी तसाच आत आलो.

आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, बाजूला ठेवायची. सून बोलायची, पण कामापुरतं. नवव्या दिवशी मी वर जाऊन ती टेप काढली. सुनेला हाक मारली आणि विचारलं, "बॅकअप कसा घेतात, दाखव." तिने दाखवलं. आत पिपाणीशिवाय काही नव्हतं, तरी तिने पिपाणीचाच बॅकअप घेऊन दाखवला. हसली नाही. मीही हसलो नाही.

आता रविवारी आम्ही परत बसतो. म्हातारी येते, पण माझ्याकडे बघत नाही. खुर्चीत बसते, डावीकडची जागा मोकळी ठेवते. स्लायडर मी हलवतो, सून सांगेल तेवढाच. "कमी, बाबा. अजून कमी. केसाएवढा." काचेवरचा आकडा गोंदाच्या डागातून वाचून मी मोठ्याने सांगतो, ती वहीत लिहिते आणि टोन लॅपटॉपात ठेवते, एकाखाली एक. म्हातारी ओळ म्हणते. टोन येतो. ती ऐकते, डावीकडे मान वळते का ते मी बघत राहतो.

"नाय," ती म्हणते. "ही नाय ती."

परवाच्या रविवारी एकदा जरा जास्त वेळ गप्प राहिली. सुनेने माझ्याकडे बघितलं. मग वरून विमान गेलं, ते जाईपर्यंत आम्ही तिघं थांबलो.

"नाय," म्हातारी म्हणाली.

मी श्वास थोडा लांबवला आणि पट्टी परत दाबली.